शब्दाची जात विचारा

आमच्या लोकांस एक जुनी खोड आहे. वाटेंत नवा माणूस भेटला कीं त्याचें सुखदुःख विचारण्याआधीं त्याची जात विचारावयाची, आणि ती कळल्यावर मग तांब्या हातांत द्यावयाचा कीं पाणी वरून ओतावयाचें हें ठरवावयाचें. ही खोड मोडावी म्हणून थोर थोर माणसें झिजलीं. तरी ती अजून पुरती मोडलेली नाहीं. परंतु जेथें जात विचारणें योग्य, नव्हे अगत्याचें आहे, तेथें मात्र आम्ही मूग गिळून बसतों. तें ठिकाण म्हणजे शब्द. कागदावर आलेला शब्द कोणत्या जातीचा, त्याचें कूळ कोणतें, त्याच्या शिवेंत काय मोडतें आणि शिवेबाहेर काय राहतें, हें आमच्यांत क्वचितच कोणी विचारतो. जो विचारीत नाहीं त्याची जमीन जाते, विमा बुडतो, हक्क हुकतो. म्हणून शब्दाची नेमकी व शुद्ध व्याख्या लिहावयास मुलांस शिकविणें हे पंडितांचे चोचले नसून शेतकऱ्याच्या व कारागिराच्या पोटापाण्याचें काम आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेंच आज धाराशिव जिल्ह्यांतल्या वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

मागें एकदां या जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतील शाळेंत बसण्याचा योग आम्हांस आला. गांवाचें व शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें जें दिसलें तें थोड्याफार फरकानें सगळीकडे दिसतें. सहावीचीं मुलें होतीं. आम्हीं विचारलें, "दुष्काळ म्हणजे काय रे?" सारा वर्ग एका सुरांत म्हणाला, "अवर्षण!" आम्हीं विचारलें, "बरें, अवर्षण म्हणजे काय?" वर्ग चूप. मग पुढच्या रांगेंतला एक चुणचुणीत मुलगा उठला आणि म्हणाला, "दुष्काळ!" गुरुजी हंसले, आम्हीही हंसलों, पण तें हंसूं घशांत अडकलें. ज्या पोरांनीं टँकरमागें घागरी घेऊन धांवाधांव केली, ज्यांच्या दावणीचीं जनावरें छावणीस गेलीं, त्यांस दुष्काळ ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? दुष्काळ त्यांच्या हाडांत मुरलेला आहे. पण तो शब्दांत मांडतां येत नाहीं. पुस्तकांत शब्दार्थ दिलेले असतात, एका शब्दापुढें दुसरा शब्द. मुलें ते पाठ करतात. एका खुंट्याचें दावें सोडून दुसऱ्या खुंट्यास बांधलें, इतकेंच झालें. दाव्यास जनावर कोणतें आहे हें कोणी पाहिलेंच नाहीं.

मग आम्हीं विचारलें, "तिफण म्हणजे काय?" उत्तर आलें, "शेतीचें अवजार." "आणि विळा?" "तेंही शेतीचें अवजार." "मग यंदा विळ्यानें पेरणी करूं या!" तेव्हां वर्ग खदखदून हंसला, आणि मागें बसलेली एक पोर हळूच म्हणाली, "जिला तीन नळ्या असत्यात आन् एकदम तीन ओळी पेरती ती." पोरीची बोली घरची होती, परंतु विचार सोळा आणे खरा होता, आणि व्याकरणही खरें होतें. तिनें "जिला" म्हटलें, "ज्याला" म्हटलें नाहीं. कारण तिफण स्त्रीलिंगी. "जी"नें आरंभ केला तो "ती"नें संपविला. गुरुजींनीं तिच्या वाक्यास थोडा हात लावून फळ्यावर लिहिलें: तिफण म्हणजे तीन नळ्यांतून बी सोडून एकाच वेळीं तीन ओळी पेरणारें औत. वर्गांतल्या एकाही मुलास तें पाठ करावें लागलें नाहीं.

कोणी म्हणेल, पोरांनीं तिफणीची व्याख्या केली काय आणि न केली काय, त्यानें ज्वारीचें कणीस थोडेंच मोठें होणार? त्यांस आमचें उत्तर हें कीं, व्याख्या कोणी केली यावर कणीस कोणाच्या खळ्यांत जाणार हें ठरतें. दाखला पाहिजे असेल तर दूर जावयास नको.

निजामाचें राज्य १९४८ सालीं गेलें आणि १९५० सालीं हैदराबादचा कूळ व शेतजमिनीचा कायदा झाला. मराठवाड्यास तोच लागूं झाला. कसेल त्याची जमीन, अशी तेव्हां हवा होती. परंतु "कसणें" म्हणजे काय? आमच्या घरीं कसणें म्हणजे उन्हांत अंग मोडेपर्यंत राबणें. कायद्यानें "जातीनें कसणें" याची जी व्याख्या केली तिचा भावार्थ असा: आपल्या अंगमेहनतीनें कसणें, किंवा घरच्या माणसांच्या मेहनतीनें कसणें, किंवा पिकाचा वांटा न देतां मजुरी देऊन, आपल्या वा घरच्या माणसाच्या देखरेखीखालीं, मजुरांकडून कसवून घेणें. वाचकहो, हा शेवटचा "किंवा" नीट पहा. त्या एका "किंवा"च्या दारांतून, ज्यानें जन्मांत नांगराचें रुमणें धरलें नाहीं तोही "जातीनें कसणारा" होऊन आंत आला, आणि मला कसावयास जमीन परत पाहिजे म्हणून कुळापुढें उभा राहिला. पुष्कळ कुळांनीं जमिनी "स्वखुशीनें" सोडल्या असें कागद म्हणतात. हैदराबाद राज्यांतल्या जमीनसुधारणांची पाहणी करून ए. एम. खुस्रो यांनीं १९५८ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही अशा सोडलेल्या जमिनींची व बेदखलीची नोंद आहे. अंगठा उठविण्याआधीं "स्वखुशी म्हणजे काय?" एवढें एक वाक्य त्या कुळास विचारतां आलें असतें, तर किती एकर वांचले असते याचा हिशेब ज्याचा त्यानें आपल्या घरीं करावा. उलट, त्याच कायद्यांत "संरक्षित कूळ" या शब्दाचीही व्याख्या होती, आणि त्या व्याख्येंत जे बसले त्यांतल्या कांहींच्या जमिनी टिकल्या. एकाच कायद्यांतल्या एका व्याख्येनें तारलें, दुसरीनें मारलें.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल तर अलीकडची घ्या. २०१५ सालीं पाऊस गेला. विहिरी उघड्या पडल्या, आणि सरकारनें जाहीर केलें कीं "दुष्काळसदृश परिस्थिती" आहे. सदृश म्हणजे सारखी. भूक सदृश नव्हती, तहान सदृश नव्हती, बँकेचा हप्ता सदृश नव्हता. दुष्काळ मात्र सदृश होता! पुढें हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१६ च्या मे महिन्यांत "सदृश" गळून तेथें "दुष्काळ" वाचावें असें ठरलें. तोंवर उन्हाळा सरत आला होता. तीन अक्षरांचा तो शब्द शेतकऱ्याच्या पोराने पहिल्याच दिवशीं बोट ठेवून विचारावयाचा होता.

पुढें २०२० चा खरीप. सोयाबीन पाण्यांत गेलें. विमा भरलेला होता. परंतु नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत दिली काय, हा प्रश्न पुढें आला आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा तंटा न्यायालयांत गेला. "सूचना" कशास म्हणावें, ७२ तास कोणत्या घटकेपासून मोजावे, हे सगळे व्याख्येचे प्रश्न आहेत. "उंबरठा उत्पन्न" हा त्याच योजनेंतला शब्द. घराचा उंबरठा कोण ओळखत नाहीं? पण या उंबरठ्याचा अर्थ असा: मागील सात वर्षांतल्या चांगल्या पांच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढावयाची आणि तिला ठरलेल्या जोखीमस्तरानें गुणावयाचें, जो आंकडा येईल तो उंबरठा. मंडळाचें सरासरी उत्पन्न त्याखालीं गेलें तर भरपाई, नाहीं तर नाहीं. म्हणजे तुमचें एकट्याचें शेत बुडालें तरी या हिशेबांत तुम्ही उंबरठ्याच्या बाहेरच! हें ज्यास एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, तो हप्ता कशाचा भरतो आहे हेंच त्यास ठाऊक नाहीं.

आणि २०२५ चा सप्टेंबर तर डोळ्यांपुढें आहे. परंडा, भूम या भागांत नद्यांनीं काठ सोडले, माती सुद्धां वाहून गेली. लोक म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. उत्तर मिळालें कीं, "ओला दुष्काळ" अशी संज्ञाच नियमांच्या पुस्तकांत नाहीं. मात्र दुष्काळांत देतात त्या सवलती देऊं. सवलती जाहीर झाल्या हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जो शब्द मराठवाड्याच्या प्रत्येक आजीच्या तोंडीं आहे, तो पुस्तकांत कां नाहीं? कारण पुस्तक लिहावयास आजी नव्हती, आणि आजीच्या नातवानें त्या शब्दाची पक्की व्याख्या लिहून कोणाच्या पुढें ठेवली नव्हती. किती दिवसांत किती पाऊस, किती दिवस शेतांत पाणी, किती माती गेली, म्हणजे ओला दुष्काळ म्हणावा? नुसता टाहो फोडला तर तो ऐकून सोडून देतां येतो. लिहिलेली व्याख्या पुढें ठेवली तर तिला होय किंवा नाहीं म्हणावें लागतें.

त्याच्या आदल्या वर्षीं, २०२४ च्या जानेवारींत, "सगेसोयरे" या शब्दाच्या व्याख्येचा मसुदा सरकारनें काढला आणि सारा महाराष्ट्र त्या एका शब्दाभोवतीं फिरला. त्या वादांत न्याय कोणाकडे हा आजच्या लेखाचा विषय नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, एका शब्दाच्या व्याख्येसाठीं लाखो माणसें रस्त्यावर येतात त्या प्रांतांत व्याख्या कशी लिहावी हें शाळेंत शिकवीत नाहींत, याहून मोठें आश्चर्य तें कोणतें?

आतां हें काम आजवर कोणाच्या हातांत होतें तें पाहूं. मुंबईस शास्त्री मंडळींनीं केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ सालीं छापला गेला. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं आला. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं. पुढें दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात खंडांत निघाला. या कामाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. रानांतले व बलुत्यांचे कितीतरी शब्द या कोशांनींच जपून ठेवले आहेत. परंतु शब्द आमचा आणि अर्थ लिहिणारा दुसरा, ही स्थिति धोक्याची. इंग्लंडांत १७५५ सालीं जॉन्सन नांवाच्या मोठ्या पंडितानें कोश केला. त्यांत ओट नांवाच्या धान्याचा अर्थ देतांना त्यानें स्कॉटलंडच्या गरीब लोकांस टोमणा मारला. जें आमच्याकडे घोडीं खातात तें तिकडे माणसें खातात, असा त्याचा रोंख. एवढा मोठा पंडित. पण त्या धान्यावर जगणारा माणूस लेखणी धरून शेजारीं बसला नव्हता म्हणून हें घडलें. उद्यां कोणी शहरांतल्या बंगल्यांत बसून बाजरीचा अर्थ "गरिबांचें जाडेंभरडें धान्य" असा लिहिला, तर त्यास बाजरीच्या शेतांतून उत्तर गेलें पाहिजे.

जोतीराव फुले यांनीं हें फार आधीं ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन ठेवलें, त्यांत शेतकऱ्यांच्या मुलांस मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचें प्राथमिक ज्ञान यांबरोबर व्याकरणही शिकवावें असें मागितलें होतें. ज्यास रोजच्या भाकरीची भ्रांत त्यास व्याकरण कशास, असें जोतीरावांनीं म्हटलें नाहीं. त्यांस ठाऊक होतें कीं, गहाणखत आणि खरेदीखत यांतला भेद एखाद्या प्रत्ययांत लपलेला असतो.

आमच्या जिल्ह्याचें दुखणें तर दुहेरी. निजामी अमलांत कचेरीची भाषा उर्दू. शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद उलटासुलटा धरून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राही. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, १९६४ सालीं राजभाषेचा कायदा झाला, कागद मराठींत आला. आनंद झाला. पण मराठी कोणती? "विहित नमुन्यांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावें" ही! "विहित" म्हणजे ठरवून दिलेला, "सक्षम प्राधिकारी" म्हणजे ज्यास तो अधिकार दिला आहे असा अंमलदार. दोन ओळींत सांगतां येतें; पण सांगतो कोण? आणि २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला म्हणून गुलाल उधळला, तेव्हां अभिजात म्हणजे काय हें उधळणाऱ्यांतल्या कितीजणांस सांगतां आलें असतें?

असो. रडगाणें पुष्कळ झालें. व्याख्या शिकवावी कशी तें सांगतों. त्यास पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं.

पहिली गोष्ट, शब्दाची जात विचारावी. व्याकरणांत नाम, विशेषण, क्रियापद या शब्दांच्या जातीच आहेत. नामाची व्याख्या नामानें संपावी, क्रियापदाची क्रियेनें, विशेषणाची विशेषणानें. मुलें लिहितात, "आळशी म्हणजे काम न करणें." हें चूक. काम न करणें हा आळस. आळशी म्हणजे काम टाळणारा. "सुपीक म्हणजे चांगली माती" हेंही चूक. सुपीक म्हणजे जिच्यांत पीक चांगलें येतें अशी. दुसरी एक चूक घरोघर आहे: "दुष्काळ म्हणजे जेव्हां पाऊस पडत नाहीं तेव्हां." दुष्काळ ही कांहीं वेळ नव्हे कीं "जेव्हां-तेव्हां"नें बांधावी. दुष्काळ ही स्थिति आहे; म्हणून लिहावें, "पाऊस न पडल्यामुळें अन्न, पाणी व चारा यांची गांवभर टंचाई होते ती स्थिति." आणि "जो-जी-जें" यांचें लिंग व वचन शब्दाशीं जुळलें पाहिजे, नाहीं तर बैल एकीकडे आणि जूं दुसरीकडे.

दुसरी गोष्ट, कूळ आणि खूण. आधीं ती वस्तू कोणत्या कुळांतली तें सांगावें, मग त्याच कुळांतल्या इतरांपासून ती वेगळी कशी तें सांगावें. कूळ फार लांबचें घेऊं नये. ऐरण म्हणजे "वस्तू" म्हटल्यानें कांहींच कळत नाहीं. "ज्यावर तापलेलें लोखंड ठेवून घणानें ठोकतात तो लोखंडाचा ठोकळा" म्हटलें कीं लोहाराचा मुलगा मान डोलावतो.

तिसरी गोष्ट, शीव तपासावी. जुन्या न्यायशास्त्रांत व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत: अतिव्याप्ति, अव्याप्ति आणि असंभव. नांवें ऐकून घाबरूं नका. दाखला गोठ्यांतलाच आहे. गाय म्हणजे शिंगें असलेलें जनावर म्हटलें तर म्हैसही आंत घुसते. ही अतिव्याप्ति, म्हणजे शेजाऱ्याच्या रानांत गेलेला बांध. गाय म्हणजे तांबडें जनावर म्हटलें तर लालकंधारी आंत, पण देवणी व खिल्लार बाहेर. ही अव्याप्ति, म्हणजे आपलेंच रान सोडून आंत घातलेला बांध. गाय म्हणजे एका खुराचें जनावर म्हटलें तर एकही गाय सांपडणार नाहीं. हा असंभव, म्हणजे बांध घातला पण रानच नाहीं. शास्त्र्यांनीं गाईची खूण सांगितली ती गळ्याखालच्या लोंबत्या पोळीची. ठीक. पण आज आमच्या गोठ्यांतला पोरगा उठून विचारील, "जर्सीची पोळी तर नांवालाच असते, मग ती गाय नव्हे काय?" विचारूं द्या! शास्त्र्याच्या व्याख्येस दावणीच्या जनावराशीं ताडून पाहण्याचा हक्क ज्यास कळला, तो सरकारच्या व्याख्येसही आपल्या शेताशीं ताडून पाहील.

चौथी गोष्ट, व्याख्येंत तोच शब्द फिरवून आणूं नये आणि अधिक अवघड शब्द घालूं नये. "शेतकरी म्हणजे शेती करणारा" हें घाण्याच्या बैलाचें चालणें. दिवसभर चालून बैल जागच्या जागीं. शेत ज्याच्या नांवावर तो शेतकरी, कीं जो राबतो तो? जी बाई नवऱ्यामागें दहा एकर ओढते पण सातबारावर जिचें नांव नाहीं, ती शेतकरी कीं नव्हे? सालगडी शेतकरी कीं मजूर? पहा, एका शब्दाची खरी व्याख्या करूं गेलें कीं केवढे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न बाराव्या वर्षीं ज्यानें वर्गांत सोडविले, त्यास पस्तिसाव्या वर्षीं कचेरींत कोणी सहज बनवीत नाहीं.

आणि ही परीक्षा कशी करावी हें आमच्या जिल्ह्यास कोणी बाहेरून येऊन शिकवावें असें नाहीं. तेरचे गोरोबाकाका जातीचे कुंभार. संतमंडळी जमली असतां कोणतें मडकें भाजलें आणि कोणतें कच्चें हें पाहण्यासाठीं त्यांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें, अशी कथा घरोघर सांगतात. नामदेवांस राग आला आणि तेच कच्चे ठरले. व्याख्याही अशीच ठोकून पहावी. मुलानें लिहिलेली व्याख्या दुसऱ्या मुलानें ठोकावी: यांत भलतें कांहीं येतें काय? आपलें कांहीं सुटतें काय? खणखणीत वाजली तर ठेवावी. बद्द वाजली तर पुन्हां चाकावर घालावी. मात्र मुलास कच्चा म्हणून हिणवूं नये; कच्चें असतें तें वाक्य. नामदेव पुढें केवढे झाले हें विसरूं नये.

यावर आक्षेप येतात. एक म्हणतो, पाठांतरानें मुलें आधींच पिचलीं आहेत, त्यांत ही भर कशास? अहो, ही भर नव्हे. पाठांतरावरचा उतारा आहे. गाईडांतली व्याख्या पाठ करणें आणि आपली आपण व्याख्या घडविणें यांत विकत आणलेलें मडकें आणि चाकावर चढविलेलें मडकें एवढें अंतर आहे. दुसरा म्हणतो, शुद्ध भाषेच्या नांवाखालीं आमच्या पोरांची बोली पुन्हां हिणवली जाईल. हा आक्षेप खोटा नाहीं. तसें पूर्वीं झालें आहे. म्हणून आम्ही म्हणतों, आधीं बोलींत सांगूं द्या, मग लेखी भाषेंत बसवा. "असत्यात" म्हणणाऱ्या पोरीस आधीं शाबासकी, मग "असतात". शुद्धलेखन हें अर्थ नेमका पोंचविण्यासाठीं आहे, कोणाची पायरी दाखविण्यासाठीं नव्हे. तिसरा म्हणतो, शब्दांनीं काय होणार, कायदा तर वरचेच करतात. खरें आहे, नुसत्या व्याख्येनें सत्ता हातीं येत नाहीं. जातीनें कसण्याची व्याख्या कुळास कळली असती तरी मालकाचा दांडगावा होताच. परंतु कळल्याशिवाय तक्रार लिहितां येत नाहीं, आणि न लिहिलेल्या तक्रारीस उत्तर देण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

तेव्हां करावें काय? गुरुजींनीं व बाईंनीं रोज एक शब्द फळ्यावर घ्यावा. शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीस वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे तीन वर्षांत ६६० शब्द. आरंभ घरच्या शब्दांनीं करावा: सुताराच्या मुलानें रंधा व वांकस सांगावा, कुंभाराच्या मुलीनें आवा व थापटणें, चांभाराच्या मुलानें आरी व रापी, शेतकऱ्याच्या मुलीनें वखर व कुळव. ज्या घरची वस्तू त्या घरचें मूल त्या दिवशीं गुरू. ज्या मुलास आजवर बापाच्या धंद्याचें नांव घेतांना मान खालीं घालावी लागली, तें त्या दिवशीं वर्गास शिकवील. मग कागदावरचे शब्द घ्यावे: फेरफार, वारस, बोजा, तारण, जामीन, पैसेवारी. शब्दांची एक वही शाळेंत ठेवावी आणि ग्रामसभेंत वर्षांतून एकदां वाचून दाखवावी.

आणि आईबापांनो, गुरुजींची वाट पाहूं नका. संध्याकाळीं भाकरी खातांना लेकरास विचारा, "तारण म्हणजे काय?" त्यास येणार नाहीं, बहुधा तुम्हांसही येणार नाहीं. लाज वाटूं देऊं नका. दोघे मिळून ज्यास कळतें त्यास विचारा, आणि तें उत्तर लेकराच्या हातानें वहींत लिहून घ्या. पुढच्या वेळीं सोसायटींत किंवा बँकेंत कोणी कागद पुढें सरकवून म्हटलें, "येथें सही करा, कांहीं विशेष नाहीं," तर लेकराच्या देखत त्या कागदावर बोट ठेवा आणि विचारा, "साहेब, हा शब्द कोणत्या जातीचा?"